दिराचं थकलेलं बिल तुमच्या माथी मारत असतील तर

ताई, तुमची पोस्ट वाचून डोकं पुन्हा तापलं. दीर वरच्या मजल्यावर राहायचा, केबलचे पैसे थकवून हैदराबादला निघून गेला. आता तुम्ही स्वतःच्या नावानं कनेक्शन मागता तर ऑपरेटर म्हणतो, आधी त्याचे भरा. आमच्याकडे दिराच्या जागी माझा मोठा भाऊ होता आणि नागपुरातल्या मानेवाड्याच्या जागी नंदनवन, बाकी डिट्टो हेच. वकील नाही मी. त्यामुळे कागदोपत्री काही करायच्या आधी एखाद्या जाणत्याला दाखवून घ्या.

बॉक्स, पॅक, रिचार्ज यात शिरत नाही, ते तुम्हाला ठाऊकच असेल. पैसे नेमके कोणाचे अडकलेत, हे मात्र समजून घ्या. ऑपरेटर जिच्याकडून सिग्नल घेतो, त्या वरच्या कंपनीचं काम प्रीपेड चालतं. गल्लीतला ऑपरेटर आधी स्वतःच्या खिशातून कंपनीच्या वॉलेटमध्ये पैसे टाकतो, त्यातून आपला बॉक्स चालू ठेवतो आणि मग महिनाभर दारोदार वसुली करत फिरतो. कोणी "पुढच्या महिन्यात देतो" म्हटलं की भुर्दंड त्याला. म्हणून तो चिडतो आणि खरं सांगायचं तर त्याचं चिडणं मला पटतंही. पण पैसे दिराकडून घ्यायचे आहेत. तुमच्यात आणि ऑपरेटरमध्ये कसलाच करार नव्हता.

मला सगळ्यात जास्त छळलं ते ऑपरेटरनं नाही, त्याच्या वरच्या एरिया ऑफिसनं. नाव घेत नाही. ऑपरेटर म्हणायचा, "भाऊ, सॉफ्टवेअरच घेत नाही, ऑफिसात जा." ऑफिसातला पोरगा म्हणायचा, "ऑपरेटरनं ब्लॉक टाकला आहे, त्यालेच म्हणा." साहेब कायमचे फील्डवर. एकदा मी काउंटरवर वाकून स्क्रीन पाहिली, तेव्हा घोळ कळला. भावानं कनेक्शन घेताना घरातला म्हणून माझा मोबाइल नंबर दिला होता. माझा नंबर टाकला की भावाचं खातं उघडायचं, लाल अक्षरात थकबाकी दिसायची आणि नवीन अर्ज पुढे सरकायचाच नाही. मी म्हटलं, नंबर माझा असला म्हणून गिऱ्हाईक मी कसा? तर तो म्हणाला, "तुमचाच भाऊ ना? एकाच घरात राहता ना? मंग?"

हा "मंग" कुठून येतो तेही सांगतो. लोकांच्या डोक्यात महावितरण बसलं आहे. विजेची जुनी थकबाकी जागेला चिकटते, घर विकत घेणाऱ्यालाही ती काही मर्यादेपर्यंत भरावी लागू शकते. नियमात तशी तरतूद असेल तर अशी वसुली चालते, हे सर्वोच्च न्यायालयानंही २०२३ मध्ये मान्य केलं आहे. टीव्हीच्या बिलाला असा नियम नाही. ते ज्याच्या नावावर, त्याच्याकडून घ्यायचं. पत्ता एक असला म्हणून कर्ज सामाईक होत नाही. आपल्याकडे तर एका पत्त्यावर तीन-तीन चुली असतात.

गाडी पुढे सरकली ती भांडून नाही, कागद मागून. ट्रायच्या (केबल-टीव्हीवर देखरेख ठेवणारं सरकारी प्राधिकरण) २०१७ च्या नियमांनुसार कनेक्शन देताना ग्राहकाकडून अर्ज भरून घ्यावा लागतो (त्याला ही मंडळी 'सीएएफ' म्हणतात), त्याची प्रत ग्राहकाला द्यावी लागते, तक्रार केली की डॉकेट नंबर (तक्रारीचा नोंद क्रमांक) द्यावा लागतो आणि राज्यासाठी नोडल अधिकारी, म्हणजे न सुटलेल्या तक्रारी बघणारा कंपनीचा माणूस, नेमावा लागतो. नोडल अधिकाऱ्याचा ईमेल कंपनीच्या वेबसाइटवर, बहुतेक अगदी तळाशी, सापडतो. त्याला मी एवढंच लिहिलं : जुन्या कनेक्शनच्या अर्जावर माझी सही असेल तर ती प्रत पाठवा, थकबाकीचा महिनावार हिशेब पाठवा आणि माझा नवीन अर्ज नाकारायचा असेल तर कारण लेखी कळवा.

सहीचा कागद त्यांच्याकडे निघालाच नाही. हिशेबाचा कागद मात्र आला आणि तो वाचण्यासारखा होता. महिने ओळीनं मांडलेले, प्रत्येकासमोर तोच पॅक आणि तोच आकडा, आणि शेजारच्या रकान्यात बॉक्स 'डीअ‍ॅक्टिव्ह'! म्हणजे सिग्नल बंद, तरी बिलाचं मीटर सुरू. खरी थकबाकी दोन-चार महिन्यांची, बाकी सगळी फुगवलेली. तुमच्या दिराच्या बिलातही हे निघायची बरीच शक्यता आहे, म्हणून तोंडी आकड्यावर बोलूच नका. त्यानंतर माझा नंबर भावाच्या खात्यातून काढला गेला आणि नवीन अर्ज गुपचूप पास झाला. माफी वगैरे कोणी मागितली नाही, अपेक्षाही नव्हती.

या सगळ्यात "अर्धे भरा, मिटवून टाका" असं सांगणारे भेटतात. माझं मत : एक रुपयाही भरू नका. भरलात की उद्या तेच तुमच्या तोंडावर फेकतील की बघा, यांना देणं मान्य होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर "बघू, देऊन टाकू" असंही लिहू नका. अर्थात त्या कनेक्शनवर तुम्हीच वर्षभर मालिका पाहिल्या असतील तर गोष्ट वेगळी, मग माणुसकीनं भरा आणि मोकळे व्हा. आणि दिराचा बॉक्स घरात पडला असेल तर तो परत करा. तो अडवून ठेवायचा आपल्याला हक्क नाही. फक्त बॉक्स नंबर लिहिलेली पोच घ्या, मागच्या स्टिकरचा फोटो काढा. वसुलीच्या पोराच्या हातात नुसता सोपवू नका.

नोडल अधिकारीही ढिम्म राहिला तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. ट्रायला लिहून वैयक्तिक तक्रार सुटत नाही, ते ती कंपनीकडेच पाठवतात, त्यामुळे तिथे आशा लावून बसू नका. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, म्हणजे कंपनीचं मुख्यालय कुठेही असो, तुम्हाला नागपूर सोडावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या सेवेला फीदेखील नाही आणि वकील लावायची सक्ती नाही. एक खोच मात्र आहे. पैसे दिले किंवा द्यायचं ठरलं, तरच तुम्ही कायद्याच्या भाषेत ग्राहक. "मला सेवाच दिली नाही" एवढ्यावर समोरचा म्हणेल की या आमच्या ग्राहकच नाहीत. म्हणून अर्जासोबत जोडणीची रक्कम यूपीआयनं भरा, शेऱ्यात 'नवीन कनेक्शन' आणि स्वतःचं नाव टाका. घेतली नाही तर घेत नाही हे मेसेजवर लिहून घ्या.

एवढ्या उठाठेवीची ताकद नसेल तरी काही बिघडत नाही. छतावर डिश लावायला जागा असेल तर दुसऱ्या कंपनीचं डीटीएच घ्या, त्यांना तुमच्या गल्लीतल्या थकबाकीशी देणंघेणं नाही. सासूबाईंना सह्याद्री आणि बातम्या पुरत असतील तर डीडी फ्री डिश आहे, एकदा डिश-बॉक्सचा खर्च केला की महिन्याचं भाडं नाही. आमच्याकडे भांडण सुरू असताना आईनं त्याच्यावरच दिवस काढले, आणि पुढे केबल आली तरी दुपारी ती तेच लावते. जुना केबलचा बॉक्स दुसऱ्या कंपनीला चालेल असं दुकानदार म्हणाला तर ऐकू नका, तो चालत नाही.

नागपुरातलं केबल २०१३ मध्ये डिजिटल झालं, त्याआधी सगळा हिशेब ऑपरेटरच्या वहीत असायचा आणि नाक्यावर दोन शब्द बोलून मिटायचा. आता ऑपरेटरही त्या स्क्रीनपुढे हतबल असतो, त्यामुळे त्याच्याशी गोडीनं बोला, तो मनातून तुमच्या बाजूचा असू शकतो. तुम्ही आधी एक करा : कस्टमर केअरला फोन लावून विचारा की दिराच्या खात्यावर मोबाइल नंबर कोणाचा आहे. तुमचा किंवा मिस्टरांचा निघाला तर इथे कळवा, मी नोडल अधिकाऱ्याला पाठवलेला मजकूर नावं वगळून इथेच टाकतो.