काय बिघडलं तरी चालेल?

प्रिय ताई,
नवऱ्याची बदली झाली आहे. सहा आठवड्यांत आम्हाला नव्या शहरात जायचंय आणि तिथे ओळखीचं कुणी म्हणजे कुणी नाही. आम्ही दोघं, ९ वर्षांची मुलगी आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. त्यांना बीपीची गोळी रोज लागते. माझं काम घरूनच चालतं, त्यामुळे शिफ्टिंगची सगळी जबाबदारी आपसूक माझ्याकडे आली. ६३ कामांची यादी केली आहे, सोबत जोडते. तरी रात्री दोनला जाग येते आणि चौसष्टावं काम आठवतं. मुलगी म्हणते, “तुम्ही जा, मी येणार नाही.” तिथे तुला खूप मैत्रिणी मिळतील असं सांगितलं की ती दार लावून घेते. काहीही न बिघडता हे सगळं कसं पार पाडू?
– यादीवाली

प्रिय यादीवाली,

तुमची यादी मी दोनदा वाचली. मनापासून केलेली आहे. पण तिच्यात पडद्यांची मापं आणि सासूबाईंची औषधं शेजारीशेजारी, सारख्याच मानानं बसली आहेत. सगळीच कामं सारखी महत्त्वाची असली तर झोप कशी लागेल? काहीही न बिघडता शिफ्टिंग होत नाही हो. ट्रक उशिरा येईल, एखादी काच फुटेल, पडदे आखूड पडतील. म्हणून आता लाल पेन घ्या आणि काय बिघडून चालणारच नाही तेवढ्यालाच खूण करा. माझ्या मते तुमच्या घरात अशा चारच गोष्टी आहेत: सासूबाईंची तब्येत, सगळ्यांची कागदपत्रं, पहिल्या रात्रीची झोप आणि मुलीचा तुमच्यावरचा विश्वास.

औषधं निदान महिनाभर पुरतील एवढी घ्या. डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी लिहून घ्या, आणि तीत औषधातल्या घटकाचं नाव असू द्या, कारण नुसतं ब्रँडचं नाव दुसरीकडे ओळखीचं असेलच असं नाही. जुने रिपोर्ट, शाळेचे दाखले, ओळखपत्रं, घराचे करार हे सगळं एका पिशवीत. ही पिशवी ट्रकमध्ये चढणार नाही, तुमच्या खांद्यावर राहील.

सासूबाईंसाठी आणखी एक काम आहे, ते यादीत नव्हतं. नव्या घरी त्यांचा पलंग आधी लावा, आणि आत्ता त्या ज्या बाजूनं उतरतात तीच बाजू मोकळी ठेवा. रात्री अंधारात पाय सवयीनं चालतात. पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर एकही खोकं किंवा पायपुसणं नको, आणि एक छोटा दिवा रात्रभर चालू राहू द्या. बाकी घर आठवडाभर खोक्यांत राहिलं तरी चालेल.

पहिल्या रात्रीचं खोकं वेगळं भरा. चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, साबण, चार्जर, एक बल्ब, कात्री आणि स्क्रू ड्रायव्हर. पलंगाचे नटबोल्ट पिशवीत घालून त्याच पलंगाच्या फळीला चिकटपट्टीनं घट्ट बांधा. हे खोकं ट्रकमध्ये शेवटी चढवायचं, म्हणजे आधी उतरेल. मी हे फार महागात शिकले. माझा मुलगा पाच वर्षांचा असताना आम्ही गाव बदललं, आणि रात्री अकरा वाजता त्याच्या पांघरुणासाठी मी चौदा खोकी उघडली. पांघरूण चौदाव्यात होतं, पण ते दिसेपर्यंत तो रडून रडून जमिनीवरच झोपला होता. तेव्हापासून मी खोक्यांच्या वरच्या बाजूला काही लिहीत नाही. एकावर एक खोकी रचली की ते दिसत नाही. दोन बाजूंना लिहायचं, खोलीचं नाव आणि आत काय आहे ते.

पुस्तकं लहान खोक्यांत भरा, मोठ्या खोक्यात भरली तर ते कुणाला उचलणार नाही. फ्रिज आदल्या दिवशी रिकामा करून बर्फ वितळू द्या आणि उभाच न्यायला सांगा. आडवा न्यावाच लागला, तर उभा केल्यावर काही तास थांबून मगच चालू करा, कारण कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरलेलं असतं. दोन्ही घरांच्या मीटरचे फोटो काढा. नव्या घरात सामान येण्याआधी भिंती आणि फरशांचेही काढा, डिपॉझिट परत घेताना कामी येतील.

घर अजून ठरलेलं नाही असं दिसतंय. एकदा दिवसा आणि एकदा रात्री पाहा. सगळे नळ एकदम उघडून पाण्याचा जोर बघा. तुम्ही जिथे बसून काम करणार त्या खोलीतून फोन लावून बघा. नवऱ्याला म्हणावं, कामाच्या दिवशी, ऑफिसच्या वेळेला त्या रस्त्यानं स्वतः जाऊन ये. आणि लगेच विकत घेऊ नका. शहर कळायला वेळ लागतो, तोवर भाड्याचं बरं.

आता मुलगी.

तुम्ही तिला मैत्रिणींचं आश्वासन देता आणि ती दार लावते, कारण तिला नव्या मैत्रिणी नकोच आहेत. तिला ज्या आहेत त्याच हव्यात. शिवाय ते आश्वासन पाळणं तुमच्या हातात नाही. जेफ्री हॉल या अमेरिकन संशोधकानं २०१८मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात नुकतंच राहतं ठिकाण बदललेली मोठी माणसंही होती. जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, खरी मैत्री व्हायला ९०च्या आसपास आणि जिवलग व्हायला २०० तासांहून जास्त, असं त्यांना आढळलं. लहान मुलांचं गणित वेगळं असेल, पण मैत्री वेळ खाते हे त्यांनाही लागू आहेच. म्हणून तिला खरं सांगा: “सुरुवातीला तुला एकटं वाटेल. मलाही वाटेल. मला इथून जाताना वाईट वाटतंय.” हे वाक्य तिनं तुमच्या तोंडून अजून ऐकलेलं नाही, असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं.

तिचं एक खोकं तिला स्वतः भरू द्या. त्यात काय घालायचं ते तीच ठरवेल, तुम्ही एकही वस्तू काढणार नाही, आणि ते खोकं तुमच्यासोबत प्रवास करेल. त्याच शिफ्टिंगमध्ये मी मुलाचा फाटका कापडी हत्ती त्याला न विचारता टाकून दिला. जागा वाचली, म्हणून मला बरंही वाटलं. पुढची चार वर्षं तो अधूनमधून विचारायचा, “माझा हत्ती जुन्या घरीच आहे ना?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि तुम्ही? मुलीला निदान शाळा असेल, नवऱ्याला ऑफिस असेल. तुमचे ५० तास कुठून येणार? घरून काम म्हणजे दिवसभर कुणाशी बोलणं नाही. हॉलच्या हिशेबानं आठवड्याला दोन तास दिले तरी जुजबी मैत्रीला सहा महिने लागतील. तेव्हा पहिल्याच महिन्यात काहीतरी एक पकडा, एखादा वर्ग, वाचनालयातला गट, नाहीतर ठरलेल्या वेळी एकाच बागेत फिरणं. तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटली पाहिजेत, हे महत्त्वाचं. पहिल्या महिन्यात करमलं नाही म्हणून शहर वाईट ठरवू नका, आणि तुम्हीच कुठेतरी कमी पडलात असंही समजू नका.

१९६७मध्ये होम्स आणि रे या दोघांनी आयुष्यातल्या बदलांचा ताण मोजणारी एक सारणी केली. तिच्यात जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण आहेत आणि घर बदलण्याला फक्त २०. पण घर एकटं कुठे बदलतं? शाळा बदलण्याचे आणखी २०, राहणीमान बदलण्याचे २५, गाठीभेटी बदलण्याचे १८. तुम्हाला दोन वाजता जाग येते ती या बेरजेमुळे येते. तुमच्या यादीत काही सुटलंय म्हणून नाही.

तर यादीतली शेवटची वीस कामं खोडून टाका. पडदे, भिंतीवरच्या फ्रेम, शोकेस, सगळं तिथे गेल्यावर. त्या मोकळ्या झालेल्या वेळात ट्रक येण्याआधीचा एक अख्खा दिवस मुलीला तिच्या मैत्रिणीच्या घरी राहू द्या. सामान बांधायला बोलावू नका, किती वाजता येतेस म्हणून फोनही करू नका. संध्याकाळी तुम्ही स्वतः आणायला जा, आणि परतताना लांबच्या रस्त्यानं या.

– ताई