काळं शेवाळ आणि सकर मासा

प्रश्न : आमच्याकडे माशांचा दोन फुटी टँक आहे. लाकडाला अनुबियसचं रोप बांधलंय, मागे व्हॅलिस्नेरिया ही लांब पानांची पाणवनस्पती, त्यात निऑन टेट्रा मासे. हल्ली अनुबियसच्या पानांच्या कडांना काळे केसाळ झुपके आलेत, बोटाने चोळूनही निघत नाहीत. लाइट सकाळी सातला लागतो, झोपताना बंद होतो. दुकानदार म्हणतो, सकर टाका, सगळं साफ होईल. टाकू का?
– एक वाचक, घणसोली

उत्तर : सकर अजिबात टाकू नका. दुकानात बोटाएवढा दिसणारा हा मासा फुटाच्या वर जातो. तुमच्या टँकमध्ये त्याला धड वळताही येणार नाही. त्याची विष्ठाही भरपूर, म्हणजे शेवाळाला आयतंच खत. आणि या काळ्या शेवाळाला तो सहसा तोंडही लावत नाही. पुढे तो टँकमध्ये मावेनासा झाला की लोक त्याला तलावात सोडून येतात आणि तो तिथल्या देशी माशांच्या मुळावर येतो. ठाण्यातलं मासुंदा असो की तुमच्या जवळचा एखादा तलाव, हे पाप कुणीच करू नये.

तुमचं दुखणं लाइटमध्ये आहे. अनुबियस पश्चिम आफ्रिकेतल्या जंगली ओढ्यांकाठचं, सावलीतलं झाड. नवं पान काढायलाच ते काही आठवडे घेतं. जुनी पानं महिनोन्‌महिने तशीच राहतात, त्यामुळे शेवाळाला ठाण मांडायला भरपूर वेळ मिळतो. साधा टायमर आणा, दिवसाला ६ तासच लाइट ठेवा. तुम्ही घरी असता तेव्हाचे, संध्याकाळचे ठेवलेत तरी चालतील. खिडकीचं ऊन टँकवर येत असेल तर पडदा लावा. लाकूडही व्हॅलिस्नेरियाच्या सावलीला सरकवा.

आता आलेले झुपके. लाकूड रोपासकट बाहेर काढा. मेडिकलमधलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने फक्त झुपक्यांवर लावा. बारीक बुडबुडे येतील. ४-५ मिनिटांनी पाण्याने धुऊन परत ठेवा. दोन-चार दिवसांत काळे झुपके गुलाबी पडतील, कारण हे मुळात लाल शेवाळाच्या कुळातलं आहे. गुलाबी झालं म्हणजे मेलं. पेरॉक्साइड थेट टँकमध्ये मात्र ओतू नका, व्हॅलिस्नेरियाला ते सोसत नाही.

मेलेलं शेवाळ खायला अमानो कोळंबी उत्तम. जपानच्या ताकाशी अमानो यांनी ती टँकमध्ये रुळवली, म्हणून हे नाव. तुमच्या टँकला चार-पाच पुरेत. दर आठवड्याला चौथाई पाणी बदला, नळाच्या पाण्यात अँटी-क्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध) घालूनच. नवी पानं स्वच्छ येईपर्यंत लाइटचे तास वाढवू नका.