डोळे कोण आखतं?

प्रश्न : माझा पेणला गणपतीचा कारखाना आहे. बोर्डावर अजून माझ्या आजोबांचंच नाव आहे. मुलगा बारावी सायन्सला, अकरावीत ६४ टक्के. वेळ मिळेल तेव्हा ‘स्ट्रीट फायटर’ हा मारामारीचा व्हिडिओ गेम खेळतो आणि गेम डिझायनर होणार म्हणतो. मी माहिती काढली, तर योशिनोरी ओनो नावाच्या जपानी माणसाने हा गेम उभा केला असं कळलं. मी मुलाला सांगितलंय, व्हायचं तर ओनो हो, दोन वर्षं देतो. नाहीतर गुपचूप कम्प्युटर इंजिनीअरिंगला जायचं. एक खासगी संस्था गेम डिझाइनच्या कोर्ससाठी आठ लाख मागते आहे. भरू का? प्लेस्टेशन सध्या माळ्यावर टाकलाय. अभ्यास सोडून तो काय करत बसतो ते कळावं म्हणून त्याच्या वहीच्या एका पानाचा फोटो सोबत जोडला आहे.
– एक पालक, पेण

उत्तर :
नमस्कार. आठ लाख भरू नका. एवढं सांगून हा विषय बाजूला ठेवते, कारण तुमच्या पत्रात मला खुपलं ते दुसरंच आहे.

६४ टक्क्यांची मला काळजी वाटत नाही. ‘व्हायचं तर ओनो हो’ या वाक्याची वाटते. तुम्हाला ते वाक्य मोठ्या मनाचं वाटत असणार. इतर बाप नाही म्हणाले असते, मी तर दोन वर्षं दिली! पण त्या मुलाच्या जागी बसून ऐका. सतराव्या वर्षी त्याला सांगितलंय की जगात एकाच खुर्चीवर बसलास तर तू शहाणा, बाकी सगळ्या खुर्च्या म्हणजे नापास. क्लासला घालताना ‘पहिला आलास तरच तबला शीक’ असं आपण म्हणत नाही. आणि इंजिनीअरिंग तुम्ही त्याच्यापुढे शिक्षेसारखं धरलंय, हे तर फारच वाईट. तो उद्या खरंच त्या शाखेला गेला, तरी हरून आल्यासारखा वर्गात बसेल. सगळ्या पत्रात त्याच्या तोंडचं एकच वाक्य आहे, तेही तुम्ही सांगितलेलं.

आता त्या ओनोंबद्दल, कारण तुमचा सगळा हिशेब त्यांच्या नावावर उभा आहे आणि तो चुकलाय.

पहिला स्ट्रीट फायटर आला १९८७ मध्ये. तो केला कॅपकॉम या जपानी गेम कंपनीच्या ताकाशी निशियामा आणि हिरोशी मात्सुमोतो यांनी. पुढे दोघंही कंपनी सोडून एसएनके या प्रतिस्पर्ध्याकडे गेले. ज्याच्यामुळे जगभर लोक नाणं टाकून खेळायच्या यंत्रांसमोर रांगा लावून उभे राहिले, तो १९९१ चा दुसरा भाग वेगळ्याच माणसांचा आहे. आकिरा निशितानींची आखणी, आकिरा यासुदांची पात्रं, वर योशिकी ओकामोतो. खेळ संपल्यावर येणाऱ्या यादीत यांची खरी नावंसुद्धा नाहीत, ‘निन-निन’, ‘आकिमान’ अशी टोपणनावं आहेत. ओनो यात कुठेच नाहीत. कॅपकॉममध्ये त्यांची सुरुवात आवाज-संगीताच्या बाजूने झाली. १९९९ नंतर मालिकेचा पुढचा क्रमांक काही येईना, तेव्हा निर्माता म्हणून त्यांनी चौथा भाग रेटला आणि २००८ मध्ये तो आणला. गावोगावच्या स्पर्धांना जाऊन, हातात खेळातल्या ब्लांका या पात्राची बाहुली घेऊन त्यांनी लोकांना पुन्हा या खेळाकडे ओढलं. थंडावलेलं घर पुन्हा नांदतं केल्याचं श्रेय त्यांचं आहे आणि ते मी मोकळ्या मनाने देते. कंपनीतल्या वरिष्ठांना पटवणं हेही कौशल्यच. पण घर बांधलं दुसऱ्यांनी. गंमत अशी, की हा चौथा भाग कॅपकॉमने ज्या डिम्प्स कंपनीच्या साथीने बनवला, ती कंपनी निशियामांनीच काढलेली आहे. त्याच्या वीसेक वर्षं आधी पहिला भाग करून गेलेला माणूस मागच्या दाराने पुन्हा आत आला, आणि फोटोत मात्र ओनो. तेही २०२० मध्ये कंपनीतून बाहेर पडले. मालिका थांबली नाही, २०२३ मध्ये सहावा भाग आला, ताकायुकी नाकायामांच्या दिग्दर्शनाखाली.

आणखी एक. या खेळात एका फटक्याला दुसरा जोडून जी साखळी करतात, ज्याला पोरं ‘कॉम्बो’ म्हणतात, ती मुळात कोणी ठरवून घातलेली नाही. मोटारगाडी फोडायच्या बोनस फेरीत चुका तपासताना नोरिताका फुनामिझूंना दिसलं की फटके असे जोडता येतात. हे कुणाला सहजी जमायचं नाही असं वाटून ते तसंच ठेवलं गेलं. आज अख्खा प्रकार त्यावर उभा आहे. सांगा, याचं श्रेय कोणाच्या बोर्डावर लिहायचं?

हे तुम्हाला मी सांगायला नको खरं तर. मूर्ती तुमच्या आजोबांच्या नावाने जाते. साचा कोण काढतं, शाडू कोण मळतं, अंगरंग कोणाचा, पितांबर कोण रंगवतं, आणि डोळ्यांची आखणी कोण करतं? पेणमध्ये सगळ्यांना ठाऊक असतं की चांगला आखणीवाला दुसऱ्या कारखान्यात गेला तर गिऱ्हाईक पुढच्या वर्षी मूर्तीसमोर उभं राहून म्हणतं, ‘यंदा बघत नाहीये हो बाप्पा.’ त्या माणसाचं नाव कुठल्याच बोर्डावर नसतं, पण श्रावणात त्याला सुट्टी द्यायची तुमची हिंमत नाही. तो तुमच्या लेखी नापास आहे का?

योको शिमोमुरांचं उदाहरण देते. १९८८ मध्ये ओसाकाच्या संगीत महाविद्यालयातून बाहेर पडल्या, पियानो शिकवायचा बेत होता. गेल्या कॅपकॉममध्ये, गेमला संगीत द्यायला. इतकी महागडी फी भरून हे काय, म्हणून घरचे नाराज. दुसऱ्या स्ट्रीट फायटरचं बहुतेक संगीत त्यांचं आहे. तुमच्या मुलाला त्यातल्या चुन-ली या पात्राची धून गुणगुणायला सांगा, लगेच येईल. त्यांचं नाव त्याला माहीत आहे का, तेही विचारा.

आता ते वहीचं पान. तुम्ही तक्रारीचा पुरावा म्हणून पाठवलंत, मी अर्धा तास त्यावर होते. या गेममध्ये एका सेकंदाची ६० चित्रं होतात, प्रत्येक चित्र म्हणजे एक फ्रेम. पोराने तीन रकाने आखलेत : फटका सुरू व्हायला किती फ्रेम, लागू असतो किती, सावरायला किती. पहिली ओळ खेळातल्या लढवय्या र्‍यूचा हलका ठोसा, सुरू व्हायला ४. बरोबर आहे. पण आकडे इंटरनेटवरही मिळतात. खरी गोष्ट समासात आहे. एका फटक्यापुढे त्याने लिहिलंय, ‘हा फार स्वस्त पडतो. चुकला तरी मार बसत नाही. सावरायला २ फ्रेम वाढवा.’ दोन फ्रेम म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग! खेळ कुठे अन्यायी होतो आणि तो किती केसभर हलवला की नीट होईल, हे त्याला दिसतंय. याला समतोल साधणं म्हणतात, स्टुडिओत त्यासाठी माणसं पगारावर असतात. ओनो हे करत नसत.

म्हणून त्या कोर्सला मी नाही म्हटलं. ‘गेम डिझायनर बनवू’ असं सांगणाऱ्या संस्थेला एवढंच विचारा : तुमच्या मुलांनी पूर्ण केलेले पाच गेम दाखवा, आणि त्यात कोणी काय केलं ते सांगा. दुसऱ्या प्रश्नाला ते चाचपडतील.

परीक्षा नेहमीच्याच : आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड, एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठी डॅट, आणि सोबत इंजिनीअरिंगसाठी एमएचटी-सीईटी. पहिल्या दोन्हींत हाताने काढलेलं चित्र तपासतात, आणि तो वाढलाय रंगाच्या डब्यांत. कम्प्युटर इंजिनीअरिंग त्याने स्वतः मागितलं, तर आनंदाने पाठवा; त्या ठोशाच्या ४ फ्रेम कोणीतरी प्रोग्रॅममध्ये लिहितंच. दोन वर्षांची मुदत मात्र आजच मागे घ्या, त्याला समोर बसवून. प्लेस्टेशन माळ्यावर राहिला तरी हरकत नाही, बारावी आहे. वही माळ्यावर टाकू नका.

आणि पुढचं पत्र त्याला लिहू द्या. सोबत पान २७ चा फोटो जोडायला सांगा. तुम्ही पाठवलेल्या पानाच्या तळाशी ‘उपाय पान २७ वर’ असं लिहिलंय, आणि मी तिथे अडकून बसले आहे.