बाटलीतल्या सोन्याची अंगठी होईल का?

प्रश्न : ताई, नदीकाठी बसून पॅनमधे वाळू धुवायचा नाद लागला त्याला आता चार वर्षं होतील, घरचे हसतात. पण छोट्या बाटलीत साधारण 4 ग्रॅम कण साठलेत आणि शर्टाच्या बटणाच्या निम्म्याएवढा एक गोटा पण मिळालाय. बायकोसाठी या सोन्याची अंगठी घरीच, स्वतःच्या हाताने करायचीये. जमेल का? का उगाच चार वर्षांची माती होईल?

उत्तर : जमेल हो, फक्त घाई करू नका. आणि तो गोटा वितळवायचा नाही, हे आधीच सांगते! नदीने त्याला घासून घासून जो आकार दिलाय तो मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, गेला की गेलाच, मग उरतो तो नुसता एक मणी, असा कुणाकडेही असतो. त्याला तारेत गुंफून पेंडंट करा, अंगठी कणांची.

4 ग्रॅम ऐकायला काहीच नाही वाटत आणि दिसतातही कमीच, कारण सोनं जड, वितळल्यावर जेमतेम 6 मिलिमीटरचा ठोकळा होईल. पण दीड मिलिमीटर जाडीच्या तारेची साधी अंगठी 2 ग्रॅमच्या आतच होते, म्हणजे घासण्यात-कापण्यात गेलं तरी तुमच्याकडे पुरून उरेल.

आधी कण वाळवून लोहचुंबक फिरवा, पण चुंबकाला प्लॅस्टिकची पिशवी लावून, नाहीतर कणांत मिसळलेली लोहयुक्त काळी वाळू चुंबकाला अशी चिकटते की काढता काढता नाकी नऊ येतात. मग भिंगाखाली बघा, एखादा कण पिवळा नसून चांदीसारखा करडा दिसला तर त्याला पारा लागलेला असू शकतो. जुन्या खाणकामात पारा वापरायचे, तो अजूनही काही नद्यांत आहे. असा कण तापवायचा नाही म्हणजे नाही, पाऱ्याची वाफ विषारी असते. सोनं गोळा करायला स्वतः पारा वापरायची आयडिया कुणी दिली असेल तर तीही विसरा.

आता वितळवणं. सोनं 1064 अंश सेल्सिअसला वितळतं, स्वयंपाकाच्या गॅसवर पातेलं ठेवून ते होत नाही, ज्वाळेचा गॅस टॉर्च लागतो आणि मूस लागते. माझी पहिली फजिती सांगू का, मी कण तसेच मुशीत टाकले, टॉर्च जवळ नेला आणि ज्वाळेच्या झोताने निम्मे कण टेबलावर, जमिनीवर, माझ्या ॲप्रनवर! संध्याकाळभर झारेकऱ्यासारखी धूळ चाळत बसले होते. तेव्हापासून कण टाकणखाराबरोबर (बोरॅक्स) टिश्यू पेपरच्या घट्ट पुडीत बांधते, कागद जळेपर्यंत टाकणखार वितळून कणांना धरून ठेवतो, उरलीसुरली वाळूही तोच खातो. मूस आधी नीट तापवून कोरडी करा, ओलाव्यावर वितळलेला धातू पडला की उसळतो. चष्मा लावा, खिडकी उघडी ठेवा.

सगळे कण पळत येऊन एक गोल थेंब झाला आणि आरशासारखा चमकून हलायला लागला की झालं. एवढ्याशा सोन्यासाठी ओतायच्या भानगडीत पडू नका, तिथेच थंड होऊ द्या.

नदीचं सोनं शुद्ध नसतं, त्यात निसर्गतःच चांदी असते, थोडं तांबंही, त्यामुळे कित्येकदा ते 20-22 कॅरेटच्या आसपास निघतं. दागिन्याला हे बरंच आहे, शुद्ध सोनं फार मऊ. ऐरणीवर हळूहळू ठोकायचं, ठोकता ठोकता ते कडक होतं आणि कडेला बारीक चीर दिसली की थांबायचं, अंधाऱ्या खोलीत मंद लाल दिसेपर्यंत तापवायचं, गार करून पुन्हा ठोकायचं. मी आळस करून हे टाळलं तेव्हा पट्टीचे दोन तुकडे झाले. शेवटी टोकं जुळवून झाळायची, आणि इथे सोन्याचीच झाळ हवी. रेडिओ-बिडिओ दुरुस्तीचं शिशाचं सोल्डर चुकूनही नको, शिसं सोन्यात शिरलं की सोनं ठिसूळ होतं.

आणि हो, नदी कुणाच्या ताब्यात आहे, वाळू धुवायला परवानगी लागते का, हे बघितलंच असेल. नसेल तर आधी ते.

प्रश्न : मला दगडात पिवळे चकचकीत तुकडे सापडलेत, सोनंच असेल का?

उत्तर : सावलीत नेऊन तिरकं-उलटं फिरवून बघा. सोनं प्रत्येक बाजूने तसंच पिवळं दिसतं, अभ्रक आणि पायराइट (सोन्यासारखं दिसणारं फसवं खनिज) मात्र लकलकून विझतात. मग सुईचं टोक दाबा, सोन्यावर खळगा पडतो, पायराइटचा भुगा होतो, अभ्रकाचे पापुद्रे निघतात. भुगा झाला तर वाईट वाटून घेऊ नका, माझ्याकडे त्या भुग्याची अख्खी डबी आहे.