बंद खाणीचा पाझर बुजवायचा का?

प्रश्न: आमच्या वावराला लागून जुनी अंडरग्राउंड कोळसा खाण आहे, बंद होऊन बरीच वर्षं झाली. दोन पावसाळ्यांपासून खालच्या धुऱ्यावर पाणी पाझरतं, आता उन्हाळ्यातही थांबत नाही. निघतं तेव्हा साफ असतं पण नालीत जाईपर्यंत लाल गाळ बसतो, वर तेलासारखा तवंग. भाऊ म्हणतो सिमेंट टाकून तोंड बुजवू. बुजवू का? आणि बाजूच्या विहिरीचं पाणी प्यावं का? (एक वाचक, चंद्रपूर जिल्हा)

उत्तर: भावाला आधी थांबवा बरं! खाण चालू असते तोवर पंप पाणी उपसत राहतात, ती बंद पडली की आतल्या गॅलऱ्या (कोळसा काढून झालेले बोगदे) भरत जातात आणि पाणी बाहेर पडायला सगळ्यात सखल जागा शोधतं, ती नेमकी तुमच्या धुऱ्यावर सापडली. ते तोंड बुजवलं तर आत दाब वाढेल आणि पाणी दुसरीकडून फुटेल, कदाचित कोणाच्या घराखालून. साठलेलं पाणी किती वाईट ते आताच्या झारखंडमधल्या चासनाला कोळसा खाणीत दिसलं, डिसेंबर १९७५ मध्ये जुन्या खाणीतलं पाणी चालू खाणीत घुसलं आणि सुमारे ३७५ कामगार गेले.

तवंगात काडी फिरवून बघा. काचेसारखे तुकडे झाले तर तो लोखंडाचा, परत जुळून आला तर तेलाचा. कोळशातल्या पायराइटला (लोखंड-गंधकाच्या खनिजाला) हवा-पाणी लागलं की आम्ल होतं, लोखंड पाण्यात उतरतं, आणि बाहेर हवा लागली की गंजासारखं खाली बसतं.

म्हणून पाण्याला वाट द्या. चर काढा, दगडांवरून खळखळत जाऊ द्या म्हणजे हवा लागेल, पुढे दोन-तीन उथळ खड्डे करा, गाळ तिथेच बसेल, शेवटच्यात पाणकणीस लावलं तर उत्तम. चुनखडीचे दगड टाकले तर आम्ल कमी होतं, पण त्यांच्यावर लोखंडाचा थर चढला की ते निकामी होतात, मग बदलावे लागतात. खड्ड्यातला गाळ मात्र वावरात पसरू नका.

विहिरीचं पाणी तपासल्याशिवाय पिऊ नका. पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, ६.५ ते ८.५ हवा), लोह, सल्फेट (पायराइटमधल्या गंधकापासून होणारा क्षार) आणि कठीणपणा एवढं तरी तपासून घ्या. उकळून किंवा तुरटी फिरवून सल्फेट जात नाही, हे घरात सगळ्यांना सांगा.

एक अर्ज कलेक्टर ऑफिसला आणि एक खाण सुरक्षा महासंचालनालयाला द्या, सोबत फोटो तारखेसकट. आणि जमिनीला भेगा दिसल्या, एखादा भाग खचल्यासारखा वाटला तर तिकडे गुरंसुद्धा सोडू नका. आपल्याच जिल्ह्यातल्या घुग्घुसला ऑगस्ट २०२२ मध्ये अख्खं घर जमिनीत गेलं होतं, खाली जुनी खाणच होती.