गिनेस ही काळी बिअर घालून केलेला आयरिश बीफ पाय (pie, म्हणजे मांसाच्या सारणावर पेस्ट्रीचं आवरण) कडू का लागतो, आणि वरचं आवरण खाली पचपचीत का राहतं?

कडूपणा स्टाउटचाच, म्हणजे गिनेससारख्या काळ्या बिअरचा. त्यात काळं होईस्तोवर भाजलेलं सातू (बार्ली) असतं. रस्सा आटला की तो कडवटपणाही दाट होतो. म्हणून एक किलो मांसाला साधारण ४०० मिली स्टाउट पुरे, बाकी मांसाचा स्टॉक घाला. बिअरचा कॅन हाताशी आहे म्हणून सगळा ओतू नका. उरलेला प्यायला कामी येतो!

मांस खांद्याचं किंवा नडगीचं घ्या, चरबी-शिरा असलेलं. महागडा मऊ तुकडा इथे वाया जातो, शिजून कोरडा पडतो. मोठे तुकडे कोरडे पुसून, मैद्यात घोळवून, थोडे थोडे करून चांगले तांबूस परता. एकदम टाकले तर पाणी सुटतं आणि ते उकडतात. मग दोन कांदे सावकाश परता, त्यांचा गोडवा कडूपणाला सांभाळून घेतो. परतलेलं मांस, स्टाउट, स्टॉक, गाजर, थाईम, तमालपत्र, चमचाभर टोमॅटो पेस्ट घालून झाकण ठेवा आणि १६० अंशांच्या ओव्हनमध्ये अडीच तास विसरून जा. तरीही कडू वाटलं तर चमचाभर ब्राउन शुगर.

आता आवरण. सारण पूर्ण गार करा, शक्यतो रात्रभर फ्रीजमध्ये. गरम सारणावर पफ पेस्ट्री (लोणी घालून पदर पाडलेली मैद्याची पोळी) ठेवली की लोणी वितळतं आणि पदर सुटतच नाहीत. रस्साही चमच्याला चिकटेल इतका दाट हवा. वर पेस्ट्री ठेवून, तिला अंडं लावून, वाफेला चीर देऊन २०० अंशांवर अर्धा तास.

सोबत उकडून कुस्करलेले बटाटे.