सायकल कामाला लाव

अरे,

परवा जिन्याखाली तू विचारलंस, "काका, सायकल विकून टाकू का?" मी नुसतं हुं केलं. हातात दुधाच्या पिशव्या होत्या आणि डोक्यात राग. रात्री झोप लागेना, म्हणून लिहायला बसलोय.

तुझी सायकल मी रोज बघतो. बारीक टायर, मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँडसुद्धा नाही. बिचारी भिंतीला टेकून उभी. रविवारी सिंहगडाच्या पायथ्याला जाऊन येते आणि बाकी सहा दिवस धूळ खाते. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला मात्र तू मोटरसायकल काढतोस. तिचा कंटाळा येणार नाही तर काय होणार? तिला घरात काही कामच नाही. सायकल कामाला लाव.

माझे वडील सदाशिव पेठेतून खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत सायकलवर जायचे. भोंग्याच्या आधी फाटकाशी सायकलींचा नुसता लोंढा. कॅरिअरला डबा, पँटला क्लिप, पुढे सायकलच्या कराचा बिल्ला. त्यांना कुणी सायकलप्रेमी म्हटलं नाही, त्यांनी सायकलवर प्रेमबिम केलंही नसेल. दर रविवारी तिला उलटी करून चेनला तेल घालायचे, एवढंच. पुण्याला सायकलींचं शहर म्हणत ते असल्या डबेवाल्या माणसांमुळे.

आणि मी काय केलं? 1987 साली बढती मिळाली, महिन्याभरात स्कूटर घेतली. साहेब सायकलवर येतो हे बरं दिसत नाही, असं मला कुणी म्हणालं नव्हतं, मलाच वाटलं. वडिलांची सायकल आधी गॅलरीत गेली, मग भंगारात. स्कूटर नसती तर आईला डायलिसिसला कसं नेलं असतं, हे मी अजून बायकोला ऐकवतो. खरंच आहे ते. आठवड्यातून दोनदा, दीड वर्ष. पण बाकीची वीस वर्षं अडीच किलोमीटरवरच्या ऑफिसला मी स्कूटरनं का जात होतो, असं ती विचारते तेव्हा मी पेपर उघडतो.

ट्रॅक नीट झाले की चालवीन, असं तू म्हणतोस. 2017 साली शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला, कागदावर आठशेहून जास्त किलोमीटर. त्याची वाट बघत बसलास तर माझ्या वयाचा होशील! आहे त्या रस्त्यावर काढ. नळस्टॉपच्या चौकात माझीही छाती धडधडते, पण त्याला रीत आहे. कडेला चिकटून चालवू नकोस. चेंबरची झाकणं आणि वाळू कडेलाच असते. उभ्या गाड्यांपासून हातभर लांब राहा, दार कधी उघडेल सांगता येत नाही. मोठ्या चौकात उजवीकडे जायचं असेल तर आधी सरळ पलीकडे जा, उतर आणि सायकल हातात धरून चालणाऱ्यांबरोबर रस्ता ओलांड. त्यात लाज कसली? पावसात रिम ओली असली की ब्रेक उशिरा धरतो. चौक यायच्या आधीच एकदोनदा दाबून पाणी निपटून काढ. पांढऱ्या पट्ट्यांवर वळू नकोस. (मी वळलो होतो. डावं कोपर अजून सरळ होत नाही.)

घामाचं म्हणशील, तर कोथरूडहून डेक्कनला जाताना बहुतेक उतारच आहे. घाम येतो तो परतीच्या चढाला, आणि घरी आंघोळीला पाणी आहे. तुझी ती पाठीवरची बॅग मात्र काढ, निम्मा घाम तिचाच. ओझं सायकलनं वाहायचं, तू नाही.

ऑफिसातले हसतील म्हणतोस. हसू देत की! माझ्याबाबतीत तर कुणी हसलंही नव्हतं, तरी मी घाबरलो.

विकायची असेल तर एक महिन्यानं विक. तोवर दूध, भाजी, बँक, ऑफिस, सगळं तिच्यावर. सायकल कामाला लाव, मग बोलू.

तुझ्या सायकलला कॅरिअरची भोकं नाहीत, मी बघितलं. सीटच्या नळीला आवळायचं मिळतं, ते घेऊन ये. शनिवारी सकाळी आठला खाली ये, पाने मी आणतो. आणि येताना पाव किलो आलं आण. सायकलवरून.

तुझा,
पहिल्या मजल्यावरचा काका